पहिला तास फुकट : बिग फिश गेम्सची वाटचाल

अमेरिकेतल्या सिएटल शहरात २००२ साली पॉल थेलन यांनी बिग फिश गेम्स ही कंपनी काढली. त्याआधी ते त्याच शहरातल्या रिअलनेटवर्क्समध्ये नोकरीला होते. सायबर कॅफेच्या जमान्यात ज्यांनी संगणकावर गाणी ऐकली, त्यांना या कंपनीचा रिअलप्लेअर आठवत असेल. तिचाच ‘रिअलआर्केड’ नावाचा खेळविक्रीचा विभाग होता आणि थेलन त्या विभागात काम करत. सीडी दुकानात न मांडता खेळ इंटरनेटवरून उतरवून द्यायचा, गिऱ्हाइकाला आधी खेळून पाहू द्यायचे आणि आवडला तरच पैसे घ्यायचे, हा धंदा त्यांनी तिथे आतून पाहिला. खेळाडूच्या वेळेची किंमत किती, आणि ती कोणी, केव्हा मोजायची, हा प्रश्न त्या धंद्यातच होता. बिग फिशची पुढची सगळी वाटचाल या प्रश्नाला वेळोवेळी दिलेल्या उत्तरांची आहे.

सिएटलचा शेजार

अशा कंपनीला सिएटल परिसर सोयीचा होता. ‘बिज्वेल्ड’वाली पॉपकॅप २००० साली तिथेच सुरू झाली होती. गेमहाउस, सँडलॉट, हिपसॉफ्ट, वाइल्डटँजंट ही मंडळीही आसपासचीच. त्या दशकात आपल्याकडे एचपी किंवा एसरचा नवा लॅपटॉप उघडला की त्यात वाइल्डटँजंटचे काही खेळ आधीच भरलेले असत. मराठी घरांतही या जातीच्या खेळांची ओळख बऱ्याच जणांना तिथेच झाली.

मोठ्या खेळकंपन्यांचे लक्ष तेव्हा प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर होते. त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे तरुण मुलगा. त्याच्याकडे महागडे यंत्र होते आणि एकेका खेळाला चाळीस-पन्नास तास द्यायची तयारीही. सिएटलच्या या कंपन्यांनी दुसरे गिऱ्हाईक हेरले. त्याच्याकडे साधा घरगुती संगणक आणि एक माऊस असे, आणि वेळ मिळे तो दोन कामांच्या मधला. या गिऱ्हाइकांत पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रियांचे प्रमाण मोठे होते, आणि पैसे भरून खेळ घेणाऱ्यांत तर त्याहून मोठे. धंद्यात अशा खेळांना ‘कॅज्युअल’ म्हणत. त्यात ‘सहज खेळता येणारे’ इतकाच अर्थ होता, पण बड्या कंपन्या तो शब्द थोडे नाक मुरडूनच वापरत.

साठ मिनिटांचा करार

अशा डाउनलोड खेळाचा ठरलेला भाव तेव्हा १९.९९ डॉलर होता. त्याआधी एक तास फुकट. बिग फिशनेही हीच पद्धत धरली. हा तास भिंतीवरच्या घड्याळाचा नव्हता. खेळ उघडा असेल तेवढीच मिनिटे मोजली जात. वीस मिनिटे आज, पंधरा उद्या, असे करत साठ भरली की खेळावर पडदा पडे आणि खरेदीचे बटण समोर येई. फुकट उतरवून घेणाऱ्या शंभरांपैकी एखाद-दुसराच पैसे भरतो, हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक होते, आणि त्या एक-दोघांवरच सगळे गणित चाले.

खेळाची घडणही या कराराने ठरवली. नियम वाचायला लावणारा खेळ पहिल्या पाच मिनिटांतच मरे. म्हणून सगळे माऊसच्या डाव्या बटणावर आले. एक लेव्हल तीन ते पाच मिनिटांत संपली पाहिजे, प्रत्येक लेव्हलमध्ये काहीतरी नवे हाती आले पाहिजे, आणि साठाव्या मिनिटाला खेळाडू अशा जागी असला पाहिजे की पुढे काय होते हे कळल्यावाचून त्याला चैन पडू नये. या तिन्ही अटींत जो प्रकार सर्वांत नेमका बसला, तो टाइम मॅनेजमेंटचा.

घड्याळाशी स्पर्धा

या प्रकाराचे मूळ शोधत गेले तर १९८३ च्या ‘टॅपर’ या आर्केड यंत्रापर्यंत जाता येते. त्यात दारूच्या गुत्त्यातला नोकर चार लांबलचक टेबलांवर गिऱ्हाइकांकडे ग्लास सरकवत असे. पण आजचे रूप त्याला दिले ते ‘डायनर डॅश’ने. न्यूयॉर्कच्या गेमलॅबने तो बनवला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या प्लेफर्स्टने प्रसिद्ध केला. फ्लो नावाची तरुणी शेअर बाजारातली नोकरी सोडते आणि खाणावळ चालवायला घेते. गिऱ्हाईक बसवायचे, ऑर्डर घ्यायची, ताट पोचवायचे, बिल घ्यायचे, टेबल पुसायचे. उशीर झाला की गिऱ्हाइकाच्या डोक्यावरचे बदाम एकेक करून विझतात. गंमत पुढे आहे. एकाच जातीचे काम लागोपाठ केले, म्हणजे तीन टेबलांची ऑर्डर एका फेरीत घेतली, तर गुण वाढत जातात. त्यामुळे घाई करणारा हरतो आणि कामे जुळवून करणारा जिंकतो. पंगतीतला मुरलेला वाढपी धावताना दिसत नाही, तरी एकही पान रिकामे राहत नाही. या खेळात हवे ते कौशल्य नेमके तेच.

फ्लोच्या मागोमाग रांग लागली. २००६ मध्ये सँडलॉटचा ‘केक मेनिया’ आला, आणि त्याच वर्षी नेदरलँड्सच्या झायलमने ‘डिलिशस’ मालिका सुरू केली. तिची नायिका एमिली पुढे लग्न, बाळंतपण, संसार असे करत अनेक भाग चालली. २००७ मध्ये रशियातल्या नोव्होसिबिर्स्कच्या अलावारने ‘फार्म फ्रेन्झी’ आणला. कोंबड्यांना गवत, गवताला पाणी, अंड्यांची पावडर, पावडरचा केक, आणि मध्येच आकाशातून पडणारे अस्वल, त्याला क्लिक करकरून पिंजऱ्यात टाकायचे. बिग फिशच्या फळीवर या जातीचा माल खच्चून भरला. ही कंपनी मुख्यतः दुकानदार होती, आणि दुकानदाराचे बळ फळीत असते.

त्याच सुमाराला आलेल्या ‘व्हर्च्युअल व्हिलेजर्स’ या खेळाने एक निराळी गोष्ट करून पाहिली. संगणक बंद केला तरी बेटावरची माणसे जगत राहत. सकाळी उघडले की रात्रभरात कोणी म्हातारे झालेले असे, कोणी उपाशी. खेळाडू नसतानाही चालणारे घड्याळ तिथे होते, पण त्याला थांबवायचे बटणही होते, आणि पैसे एकदाच भरायचे होते. हे घड्याळ पुढे दुसऱ्यांच्या हाती गेले, तेव्हा त्याचे काय झाले ते ओघाने येईलच.

परीकथेतले मजूर

खाणावळी आणि केकची दुकाने वाढता वाढता सारखी दिसू लागली. नवे वळण आले ते पूर्वेकडून. २००९ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या नेवोसॉफ्टने ‘माय किंगडम फॉर द प्रिन्सेस’ काढला. वादळांनी आणि संकटांनी उद्ध्वस्त झालेल्या राज्यातून आर्थर नावाचा सरदार राजकन्येला सुखरूप नेतो आहे, एवढीच कथा. पण काउंटरपलीकडे उभे राहून गिऱ्हाइके झेलण्याऐवजी इथे समोर एक अख्खा नकाशा होता आणि त्यावरून जाणारा अडलेला रस्ता.

हे खेळ खेळताना नेमके काय करावे लागते, ते सांगण्यासारखे आहे. कोपऱ्यात एक झोपडी असते, तिच्यात एकच मजूर. रस्त्यात ओंडके, दगड, मोडलेला पूल. ओंडका हलवायला धान्य लागते, पूल बांधायला लाकूड, आणि पुढच्या वाटमाऱ्याला गप्प करायला सोने. बोरांची झुडपे जवळ आहेत, पण ती एकदाच फळतात. शेत बांधले तर धान्य येत राहील, पण त्याला लाकूड खर्चावे लागेल, आणि लाकूड ओंडक्यांपलीकडे आहे. हातातले पहिले लाकूड शेताला द्यायचे की झोपडी वाढवून दुसरा मजूर आणायचा? पहिल्या तीस सेकंदांत घेतलेला हा निर्णय चौथ्या मिनिटाला फळतो किंवा नडतो. वर एक पट्टी सरकत असते. ती सोनेरी असेपर्यंत काम उरकले तर पूर्ण तारे. मजुरांना पुढची कामे आधीच नेमून ठेवता येतात, त्यामुळे मुरलेला खेळाडू हातातल्या कामाकडे पाहतच नाही, तो तीन कामे पुढे असतो. तारे हुकले तर तीच लेव्हल पुन्हा. दुसऱ्या खेपेला नकाशा पाठ असतो आणि तेव्हाच खरी मजा येते, कारण आता नशिबाला काही जागा उरलेली नसते. उरतो तो फक्त कामांचा क्रम.

या साच्यावर मग बरेच खेळ उभे राहिले. वोलोग्डा या रशियन शहरातल्या प्लेरिक्सने २०१० मध्ये ‘रॉयल एन्व्हॉय’ आणला. बेटांवर घरे बांधायची, भाडे गोळा करायचे, त्यातून आणखी घरे. बुखमान बंधूंची हीच प्लेरिक्स पुढे ‘गार्डनस्केप्स’ आणि ‘होमस्केप्स’मुळे मोबाइलच्या जगात बलाढ्य झाली. कॅलिनिनग्राडच्या रिअलोरने ‘नॉर्दर्न टेल’मध्ये व्हायकिंग राजा रॅग्नारला कामाला लावले. २०१३ मध्ये फिनलंडच्या जेटडॉग्जने ‘१२ लेबर्स ऑफ हर्क्युलिस’ काढला. ती मालिका भागामागून भाग चालतच राहिली.

या यादीतली बरीच नावे पूर्व युरोपातली आहेत, आणि त्याला कारण आहे. सोव्हिएत व्यवस्था मोडल्यावर तिथे गणित-प्रोग्रॅमिंगचे शिक्षण उत्तम आणि पगार अगदी थोडे, अशी स्थिती होती. दोन-चार जणांना घरबसल्या खेळ बनवून अमेरिकेतल्या दुकानात पाठवता येत असे, आणि तिथून येणारे डॉलर गावात मोठे ठरत. पण त्या लोकांना अमेरिकन खाणावळीतले बारकावे कुठून माहीत असणार? परीकथेत ती अडचण येत नाही. राजा, चेटकीण, बुटके आणि ड्रॅगन यांना व्हिसा लागत नाही. जादू असली की नियमही सोयीचे होतात. मजूर दुप्पट वेगाने का धावतात, याचे उत्तर एका मंत्रात देता येते. या खेळांत अद्भुत एवढे का फोफावले, याचे मला पटणारे कारण हेच आहे.

अर्थात हे अद्भुत हलकेफुलके असते. ग्रीक पुराणात हेराक्लीस, म्हणजेच हर्क्युलिस, वेडाच्या भरात स्वतःच्या मुलांना मारतो आणि प्रायश्चित्त म्हणून राजा युरिस्थिअसने सांगितलेली बारा कामे करतो. खेळात हेडीसने त्याच्या बायकोला, मेगाराला पळवून नेलेले असते आणि तो वाटेतले दगड हटवत तिला सोडवायला निघतो. पुराणातली काळोखी बाजू काढली की रस्ता साफ करण्याचे काम उरते, आणि या खेळाला तेवढेच हवे असते.

रोज एक नवा खेळ

‘रोज एक नवा खेळ’ हे बिग फिशचे ब्रीद होते आणि ते कंपनीने वर्षानुवर्षे पाळले. स्वतःच्या घरात बनवलेली ‘मिस्टरी केस फाइल्स’ ही लपलेल्या वस्तू शोधण्याची मालिका २००५ मध्ये सुरू झाली आणि तिने कंपनीला नाव मिळवून दिले. बाकीचा बराच माल जगभरच्या छोट्या गटांकडून येई. २००८ मध्ये गुंतवणूकदारांनी कंपनीत सुमारे ८३ दशलक्ष डॉलर ओतले. आयर्लंडमधल्या कॉर्कला आणि कॅनडातल्या व्हँकूव्हरलाही तिचा पसारा गेला.

त्याच सुमाराला भाव कोसळले. अॅमेझॉनने २००८ मध्ये रिफ्लेक्झिव्ह ही कंपनी विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी असे खेळ ९.९९ डॉलरला विकायला काढले. बिग फिशच्या गेम क्लबमध्ये महिन्याची वर्गणी भरणाऱ्याला खेळ ६.९९ ला मिळू लागला. ग्राहकाची चंगळ झाली, पण बनवणाऱ्याच्या हाती प्रत्येक प्रतीमागे पूर्वीपेक्षा कितीतरी कमी पडू लागले. यातून दोन वाटा निघाल्या. एक, जुने चित्र आणि जुने इंजिन वापरून दुसरा, तिसरा, चौथा भाग काढायचा. दुसरी, ‘कलेक्टर्स एडिशन’. जादा लेव्हल, मार्गदर्शिका, चित्रे वगैरे घालून तोच खेळ अधिक किमतीला, आणि साध्या आवृत्तीच्या काही दिवस आधी. वाट पाहू न शकणाऱ्याने जास्त भरावे, ही कल्पना इथे पहिल्यांदा उघड दिसते. पण विकत घेतल्यानंतर घड्याळ खेळाडूचेच राही. रात्री दोन वाजता वीस लेव्हल खेळा नाहीतर सहा महिने हात लावू नका, कंपनी मध्ये येत नसे.

वेळ विकायला निघाली

२००८ मध्ये अॅपलचे अॅप स्टोअर आले आणि २००९ मध्ये फेसबुकवर झिंगाचे ‘फार्मव्हिल’. ‘फार्मव्हिल’ फुकट होते. पेरलेले पीक ठरल्या तासांनी तयार होई आणि वेळेवर तोडले नाही तर सुकून जाई. २०१२ च्या ‘कँडी क्रश’मध्ये पाच जीव संपले की पुढचा जीव मिळायला अर्धा तास थांबायचे, किंवा पैसे टाकायचे. टाइम मॅनेजमेंटचे सगळे सामान इथे होते, फक्त बाजू बदलली होती. आधी खेळाडू मजुरांचा वेळ आखत असे, आता कंपनी खेळाडूचा आखू लागली. आणि हे हिशेब ६.९९ डॉलरच्या हिशेबाहून फार मोठे होते.

बिग फिशने वारे ओळखले. २०१२ मध्ये तिने ओकलंडची सेल्फ अवेअर गेम्स विकत घेतली. तिचे पत्ते आणि स्लॉटचे अॅप पुढे ‘बिग फिश कॅसिनो’ झाले. त्यात चिप्स फुकट मिळत, संपल्या की पुढच्या फुकट चिप्ससाठी थांबा नाहीतर विकत घ्या, आणि जिंकलेल्या चिप्सचे पैसे मात्र कधीच मिळत नसत. २०१३ मध्ये कॉर्क आणि व्हँकूव्हरची कार्यालये बंद झाली, खेळ दूरच्या सर्व्हरवरून चालवायची क्लाउड सेवाही गुंडाळली गेली. डाउनलोडचे दुकान चालू राहिले, पण कंपनीचा कणा आता कॅसिनो होता.

मालक बदलतात

२०१४ च्या अखेरीस केंटकी डर्बी ही घोड्यांची नामांकित शर्यत भरवणाऱ्या लुइव्हिलच्या चर्चिल डाउन्सने बिग फिश विकत घेण्याचा करार केला. सौदा होता ८८५ दशलक्ष डॉलरपर्यंतचा. रेसकोर्सवाल्यांना परीकथेतले मजूर नको होते, चिप्स हव्या होत्या. तीन-एक वर्षांनी, जानेवारी २०१८ मध्ये, स्लॉट यंत्रे बनवणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या अॅरिस्टोक्रॅटने तीच कंपनी ९९० दशलक्षला घेतली.

विक्रीला तीन महिने होण्याआधीच, मार्च २०१८ मध्ये, अमेरिकेतल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाचा निकाल आला. कॅसिनो अॅपमध्ये हजार डॉलरहून अधिक घालवलेल्या एका महिलेने दावा केला होता. चिप्सना बाहेर काही किंमत नाही, त्यामुळे हा जुगार ठरत नाही, असा कंपनीच्या बाजूचा युक्तिवाद होता. वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यात मात्र मूल्यवान गोष्टीच्या व्याख्येत फुकट खेळत राहण्याची सवलतही येते. चिप्सनी खेळण्याची मुदत वाढते, म्हणजे त्यांना मूल्य आहे, असे न्यायालयाने धरले. २०२० मध्ये १५५ दशलक्ष डॉलरची तडजोड ठरली. त्यातले १२४ चर्चिल डाउन्सने आणि ३१ अॅरिस्टोक्रॅटने द्यायचे होते.

या निकालाचे मला महत्त्व वाटते ते पैशांपलीकडे. खेळत राहण्याच्या वेळेला किंमत असते, हे बिग फिशला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते; साठ मिनिटांचा करार त्याच समजुतीवर उभा होता. कॅसिनोच्या खटल्यात मात्र तिच्या बाजूने नेमके उलटे म्हटले गेले, आणि न्यायालयाने तिची जुनीच समजूत कायद्याच्या भाषेत परत सांगितली.

२०२० मध्ये कंपनीने ‘एव्हरमर्ज’ हा खेळ आणला. परीकथेतली पात्रे, धुक्याने झाकलेला प्रदेश, तो मोकळा करत पुढे जायचे. ‘माय किंगडम’च्या चाहत्याला हे ओळखीचे वाटावे. फरक एवढाच की इथे ऊर्जा संपते आणि ती भरून येण्याची वाट पाहावी लागते.

टायमर बंद

जुन्या धाटणीचे खेळ यामुळे संपले नाहीत. हर्क्युलिसची मालिका स्टीम या ऑनलाइन खेळदुकानात गेली, छोटे गट भाग काढत राहिले. त्यांच्यात एक बदल मात्र सर्वत्र दिसतो. सुरुवातीलाच खेळाडूला विचारले जाते: अवघड, साधे, की निवांत? निवांत निवडले की वरची सरकती पट्टी गायब होते. टाइम मॅनेजमेंटच्या खेळातून घड्याळच काढून टाकायचे, हे वरवर हास्यास्पद वाटते. पण खेळून पाहिले की कळते, गोडी मुळात घड्याळात नव्हतीच. ती होती मर्यादित धान्यात आणि दोन मजुरांत कामांचा योग्य क्रम लावण्यात. घड्याळ हे त्या क्रमाची परीक्षा घेणारे एक साधन होते. ज्याला परीक्षा नको, त्याचा आनंद त्यावाचून अडत नाही. वय वाढलेल्या, हात मंदावलेल्या जुन्या ग्राहकांना ही सोय मिळाली, कारण तो ग्राहक कोण आहे हे या धंद्याला पहिल्यापासून माहीत होते.

बिग फिशच्या ताळेबंदात मोठे आकडे कॅसिनोने आणले, आणि दोनदा कोट्यवधी डॉलरला कंपनी विकली गेली ती त्याच्याच बळावर. हे मान्य करूनही तिच्या वाटचालीतली टिकाऊ गोष्ट मला साठ मिनिटांचा तो करार वाटतो. दुकानदार आधी माल दाखवी, मग किंमत सांगे, आणि पैसे घेतल्यावर बाजूला होई. खेळ फुकट आहे की विकतचा, याने फारसे कळत नाही. नवा खेळ उतरवून घेताना विचारण्यासारखा प्रश्न एकच आहे: पुढची लेव्हल केव्हा खेळायची हे मी ठरवणार, की तो खेळ?